दुसरी घंटी

१

लाल गाडीचा मालक कोण असं विचारलं, तर ड्रायव्हर छाती पुढे काढील आणि कंडक्टर बॅग पुढे करील. खरी मालकीण मात्र ती छताखालची दोरी. ओढली की ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटी वाजते. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. का थांबायचं, कोणासाठी निघायचं, हे ड्रायव्हरने विचारायचं नसतं. मागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही आणि पुढे काय आहे ते कंडक्टरला दिसत नाही. मधला सगळा विश्वास त्या दोरीवर.

गुरुदासाने उभी हयात त्या विश्वासावर काढली होती. अंगाने भरलेला, मानेला तीन वळ्या, आणि स्वभावाने इतका सरळ, की कोणी त्याला आडवळणाचं बोललं तर त्याला ते रात्री जेवताना कळायचं. दुपारची मिठबावची फेरी कित्येक वर्षं त्याच्याकडेच होती. घर मिठबावातच असल्यामुळे ती त्याला घरची फेरी वाटायची. जामसंड्याला शाळा सुटली की पोरं चढायची, बाजारात मासळी विकून रिकाम्या पाट्या घेतलेल्या बायका चढायच्या, आणि ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर त्याची लेक अक्षदा बसायची. ती नववीत होती. आरशात तिची लाल रिबीन दिसली की गुरुदासाला गाडी भरल्यासारखी वाटे, मग मागे चार माणसं का असेनात.

ते साल दोन हजार सात. शिमगा होऊन गेला होता आणि सडा, ते कातळाचं पठार, तापायला लागला होता. सड्यावरचा रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना काळा कातळ आणि करपलेलं गवत. पुढे एक बंद पडलेली चिऱ्यांची खाण लागते. तिथून रस्ता एकदम खाली उतरतो आणि उताराच्या पायथ्याशी खाडीवरचा अरुंद पूल येतो. खाणीपाशी घर नाही, पायवाट नाही, थांबा तर नाहीच नाही.

त्या दुपारी खाणीपाशी घंटी वाजली. एकच. गुरुदासाने सवयीने गाडी बाजूला घेऊन उभी केली आणि दार उघडण्याचा आवाज यायची वाट बघत बसला. आवाज आला नाही. आली ती कंडक्टर योगिनी, सीटांना धरत धरत पुढे.

"भाऊ, हय कित्याक थांबलात?"

"घंटी दिलंस मां?"

"मी खंय दिलंय? माझे दोनव हात अडाकले आसत. सीताकाकीक तिकीट देतंय मी."

सीताकाकी पाटीवर हात ठेवून बाहेर वाकून बघत होती. "कोणाक घेवक थांबलंस रे गुरुदासा? हय तर कावळोव नाय."

पोरं हसली. गुरुदासही हसला. एखाद्या कार्ट्याने दोरी ओढली असणार, दुसरं काय. योगिनीने दोन घंट्या दिल्या आणि गाडी निघाली.

पण पूल ओलांडताना त्याच्या मनात आलं, की पोरं तर सगळी पुढे दाटीवाटीने बसलीत, तिथून दोरीला त्यांचा हात पोचत नाही. आणि घंटी वाजली तेव्हा डोक्याशी झुलणारी दोरी आपल्याला हललेली दिसली का? त्याला आठवेना.

२

गुरुदासाच्या घोरण्याची ख्याती दोन तालुक्यांत होती. डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत तो आडवा झाला, की बाकीचे आपापल्या सतरंज्या उचलून व्हरांड्यात जायचे. थट्टा व्हायची, तीही त्याच्या तोंडावर, आणि तो ती हसण्यावारी न्यायचा. घोरणं म्हणजे गाढ झोप आणि गाढ झोप म्हणजे निरोगी माणूस, असा त्याचा हिशेब होता. तरी सकाळी उठला की डोकं जड असायचं आणि अंगावर रात्रीचं ओझं तसंच असायचं. सोळा गोणी रात्रभर वाहिल्या तरी माणूस इतका दमणार नाही. त्याबद्दल तो वयाला बोल लावायचा.

त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी तो ओटीवर बसून नारळ सोलत होता, तेव्हा त्याची बायको सुगंधा सहज म्हणाली, "आयकलात? तुमी एकदा डाक्टराक दाखवा."

"घोरण्याक औषध नसता."

"घोरणा परवाडला ओ. ता बंद पडता तेव्हा माझो जीव जाता." ती सुपातले तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "मधीच दम थांबता तुमचो. पोट हलना नाय, छाती हलना नाय. मी बघीत रवतंय, आता घेतले, मगे घेतले."

"मगे?"

"मगे काय? घेतास. आदी मी हलवून उठवी होतंय. आता हलवूक लागना नाय. आपसूक सुरू होता."

"मगे झाला तर."

सुगंधाचे हात थांबले. तिला आणखी काही सांगायचं होतं असं गुरुदासाला वाटलं, पण तिने एक खडा उचलून अंगणात टाकला आणि सूप आपटत आत गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

३

खाणीपाशी पुन्हा थांबणं झालं नाही. त्याऐवजी दुसरंच सुरू झालं आणि ते त्याला जास्त वाईट वाटलं.

चालत्या गाडीत दोन घंट्या वाजू लागल्या. चालत्या गाडीला कोणी दोन घंट्या देत नाही. चाललेल्याला चल म्हणण्यात अर्थ काय? पहिल्यांदा सड्यावर वाजल्या तेव्हा तो दचकला आणि त्याने लांब श्वास घेतला. पाण्यातून डोकं वर काढल्यावर घेतात तसला. मग त्याच्या लक्षात आलं, की खाण मागे गेलीय. खाण कधी आली होती ते त्याला माहीत नव्हतं.

योगिनीला विचारायचा धीर होईना. बाई चांगली होती, भाऊ भाऊ म्हणून मान द्यायची, पण कंडक्टरने रिपोर्ट करायचा ठरवला तर ड्रायव्हरची धडगत नसते. त्याने स्वतःलाच समजावलं. रस्ता पाठ आहे, पाठ रस्त्यावर माणसाचं लक्ष कुठेही जातं. दोरी सैल झाली असेल, गचके बसले की वाजत असेल. त्याने वर्कशॉपमधल्या माणसाकडून दोरी ताणून घेतली. दुसऱ्या दिवशी घंटी ताणलेल्या दोरीनेही वाजली.

त्या आठवड्यातल्या एका दुपारी त्याने मुद्दाम आरशाकडे बघायचं ठरवलं. सड्यावर चढल्यापासून एक डोळा रस्त्यावर आणि एक आरशात. आरशात अक्षदाची रिबीन, तिच्यामागे पेंगणारी डोकी, मध्येच उभी योगिनी, तोंड मागे करून कोणाशी तरी बोलणारी. तिचे हात खाली होते. आणि अगदी मागे, शेवटच्या सीटच्या वर, दोरीवर एक हात होता.

खाकी बाही. जाडसर मनगट. अंगठ्याचं नख काळं पडलेलं.

हात दोनदा हलला. डोक्याशी दोन घंट्या वाजल्या आणि गुरुदासाने तो पाण्याबाहेरचा श्वास घेतला.

त्याच्या अंगठ्याचं नख गेल्या महिन्यात बॉनेटखाली चेमटून काळं पडलं होतं. त्याने मान खाली घालून बघितलं. स्टिअरिंगवर त्याचे दोन हात होते, दोन्ही जागच्या जागी, आणि काळं नख उजव्या अंगठ्यावर होतं. पुन्हा वर बघितलं तर मागची सीट रिकामी होती आणि दोरी झुलत होती. गाडी पुलावर होती. उतार कधी उतरला याचा त्याला पत्ता नव्हता.

मिठबावला सगळे उतरल्यावर अक्षदा दप्तर घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"बाबा, मी तुका हाक मारलंय. आयकूक नाय इली?"

"कदी?"

"उताराच्या वर. तू पुढे बघी होतंस. डोळे उघडे होते तुझे, आरशात दिसले. पण..."

"पण काय गो?"

अक्षदाने दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला. "तुझी पाठ हलना नाय होती."

गुरुदासाची पाचावर धारण बसली. पोर रोज आपल्या पाठीमागे बसते, ती आपली पाठच बघत असणार. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलला, काय ते त्यालाही कळलं नाही. एवढं मात्र त्याला लख्ख कळलं, की रोज दुपारी ही मुलगी एका उतारावरून खाली जाते आणि त्या वेळी गाडी कोण चालवतो हे तिच्या बापाला ठाऊक नसतं.

४

डेपोत तपासणीचं शिबिर लागलं ते याच सुमारास. कोल्हापूरच्या एक डॉक्टरबाई आल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर कौस्तुभ नावाचा यंत्रं सांभाळणारा माणूस. डोळे, साखर, रक्तदाब हे नेहमीचं होतंच. नवीन होतं ते झोपेचं. बाई टेप घेऊन एकेकाची मान मोजायच्या. शिंप्याकडे सदऱ्याचं माप द्यायला आल्यासारखे सगळे रांगेत उभे होते आणि चेष्टेला ऊत आला होता.

मग प्रश्न. दुपारी बसल्याबसल्या झोप येते का? गाडी चालवताना कधी डुलकी लागलीय का? प्रवासी म्हणून गाडीत बसलात तर झोप लागते का?

भिकाजी नावाचा ड्रायव्हर गुरुदासाच्या पुढे होता. काटकुळा, मिशाळ, बोलण्यात कोणाला हार न जाणारा. तो म्हणाला, "मॅडम, माका बिछान्यार झोप येना नाय, ती स्टिअरिंगार खंयसून येतली?" सगळे हसले आणि सगळ्यांनी तेच उत्तर दिलं. नाही, नाही, नाही. झोपलेल्याला उठवता येतं म्हणतात, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. इथे तर सगळ्यांनी जागेपणाचं सोंग घेतलं होतं. कारण उघड होतं. हो म्हणणाऱ्याच्या हातून स्टिअरिंग जाणार आणि मग उरलेली नोकरी गाड्या धुण्यात.

गुरुदासही नाही म्हणायलाच आला होता. पण बाई टेप त्याच्या मानेभोवती घेऊन थांबल्या, आकडा बघून त्यांनी भुवया वर केल्या, आणि त्याला समोर बसवून म्हणाल्या, "इथे घाबरायचं काही नाही. काय होतं ते सांगा."

त्याला अक्षदाचं बोटाला पट्टा गुंडाळणं आठवलं.

"मॅडम, मला घंटी ऐकू येते," तो कचेरीतल्या मराठीत म्हणाला. "कंडक्टरने दिलेली नसते."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नीट समजावून सांगितलं. मान जाड असली की झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू दचकून जागा होतो. हे रात्रभर चालतं, म्हणून रात्रीची झोप झोपच नसते. मग मेंदू ती दिवसा चोरतो, उघड्या डोळ्यांनी, काही क्षण. त्या क्षणांत माणसाला काहीही दिसतं, काहीही ऐकू येतं. ड्रायव्हरला घंटी ऐकू येणार, मास्तरांना शाळेची.

"आणि हात?" गुरुदासाने विचारलं.

"तोही त्यातलाच."

गुरुदासाला इतकं हलकं वाटलं, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आजार होता तर. आजाराला नाव होतं, यंत्र होतं, उपाय होता. भूतबाधेपेक्षा आजार केव्हाही परवडला.

५

कौस्तुभने त्याला एक यंत्र घरी दिलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी, आणि घशाचा आवाज टिपायला उशाशी ठेवायचा एक छोटा रेकॉर्डर. गुरुदास ते सगळं बांधून एक रात्र झोपला. त्यानंतर दोघं नवराबायको सकाळच्या गाडीने फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेली.

बाईंनी कागदावरच्या रेघा दाखवल्या. वरखाली, वरखाली, आणि मध्ये सपाट. सपाट म्हणजे श्वास नाही. सपाट तुकडे पुष्कळ होते. काही इतके लांब होते, की सुगंधाने पदर तोंडाला लावला.

"उपचार सुरू होईपर्यंत गाडी चालवायची नाही," बाई म्हणाल्या. "रात्री नाकाला लावायचं यंत्र मागवते. त्याने फरक पडेल. डेपोला मी कळवते."

गुरुदासाने मान हलवली. तो कबूल व्हायलाच आला होता.

निघताना कौस्तुभने त्यांना बाजूच्या खोलीत बोलावलं. तो जरा अवघडला होता. "एक विचारू का? तुमच्या घरात रात्री घंटी कोण वाजवतं?"

"घंटी?"

"देवघरातली वगैरे. रेकॉर्डरमध्ये आलीय. आमच्या यंत्राला आवाज नाही, म्हणून विचारतो."

त्याने कॅसेट लावली. आधी घोरणं. गुरुदासाने स्वतःचं घोरणं कधी ऐकलं नव्हतं, त्याला लाज वाटली. मग घोरणं तुटलं. खोली गप्प झाली. कॅसेटची घरघर, लांब कुठे कुत्रं, आणि मध्ये काहीच नाही. गुरुदासाला ते ऐकताना गुदमरल्यासारखं झालं. घे की रे, असं त्याला त्या माणसाला सांगावंसं वाटलं.

टिंग टिंग.

आणि तो पाण्याबाहेरचा श्वास. पुन्हा घोरणं सुरू.

कौस्तुभने पुढे सरकवलं. घोरणं, गप्प, टिंग टिंग, श्वास. आणखी पुढे. दर वेळी तेच. देवघरातली घंटी अशी वाजत नाही. तिचा नाद लांबतो. ही आखूड होती, दोरीने ओढलेली. गुरुदासाने हा आवाज आयुष्यभर डोक्याशी ऐकला होता आणि त्याबद्दल त्याची चूक होणं शक्य नव्हतं.

त्याने सुगंधाकडे बघितलं. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"मी सांगूचा म्हटलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "पण तुमी हसले असतास."

"मी सगळी कॅसेट ऐकली," कौस्तुभ म्हणाला. "हे शेवटचं." घोरणं तुटलं. गप्प. बराच वेळ गप्प. मग टिंग, आणि खट्कन कॅसेट संपली.

"एकच?" गुरुदासाने विचारलं.

"टेप संपली ना. दुसरी बाहेर राहिली असेल." कौस्तुभने कॅसेट काढली. "तुम्ही सकाळी उठलात म्हणजे वाजलीच असणार."

६

मिठबावची फेरी भिकाजीकडे गेली. गुरुदासाला डेपोत हलकं काम मिळालं, आणि भिकाजीने चहाच्या टपरीवर त्याच्या घंटीची गोष्ट दहा जणांना सांगितली. गुरुदासाने मनाला लावून घेतलं नाही. स्टिअरिंग सुटलं तशी घंटीही सुटली होती. दिवसा कुठे आवाज नाही की हात नाही. यंत्र यायला वेळ होता, तोवर सुगंधा रात्री उशाशी बसून राहायची.

कॅसेटबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं. पण अक्षदाने आईकडून सगळं काढून घेतलं होतं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, मी ल्हान होतंय तेव्हा तू डेपोत माका उचलून धरी होतंस, घंटी वाजवूक. आठावता?"

"आठावता तर. एक म्हणजे?"

"थांब."

"दोन म्हणजे?"

"चल." ती हसली, पण नेहमीसारखी नाही. "दोन म्हणजे चल, बाबा. माज्या ध्यानात आसा."

दुपारी काम संपलं की तो त्याच गाडीने घरी यायचा. ड्रायव्हरला प्रवासी होणं जड जातं. पाय तिथे नसलेला ब्रेक शोधतात. पुढे बसलं की भिकाजीचं चालवणं बघवायचं नाही, म्हणून तो अगदी मागे बसू लागला, शेवटच्या सीटवर. तिथून सगळी गाडी दिसायची. योगिनी तिकिटं देत पुढे जाई, सीताकाकी पाटी मांडीशी घेऊन डुलत असे, आणि लांब पुढे लाल रिबीन.

डोक्यावर दोरी होती. मागची सीट उंचावर असते, तिथे बसल्यावर ती हाताला येते, हे त्याला तोवर माहीत नव्हतं.

७

त्या दुपारी ऊन फार होतं. गाडी सड्यावर चढली आणि पत्रा तापल्याचा वास आला. गुरुदासाच्या पापण्या जड झाल्या. आता त्याला झोप यायला हरकत नव्हती, तो प्रवासी होता. तरी सवयीने त्याने समोरच्या आरशाकडे बघितलं.

मागून ड्रायव्हरच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसतं. भिकाजीचं तोंड चिंचोळं, मिशाळ. आरशातलं तोंड तसं नव्हतं. ते रुंद होतं, भरलेलं, मानेला वळ्या असलेलं. डोळे उघडे होते आणि ते काही बघत नव्हते.

झोप चोरतो मेंदू, असं काहीतरी बाई म्हणाल्या होत्या. उघड्या डोळ्यांनी काहीही दिसतं. त्याला ते पटत होतं आणि तरी खाण जवळ येत होती. पहिल्या सीटवर अक्षदा मान वाकडी करून पुढच्या पाठीकडे बघत होती. ती पाठ त्याला इतक्या लांबून दिसत नव्हती. हलतेय की नाही, कळायला मार्ग नव्हता. आपण पुढे आहोत की मागे, हेही क्षणभर त्याला कळेना.

त्याचा हात वर गेलेला होता. दोरीवर खाकी बाही, आणि अंगठ्याचं काळं नख.

दोन द्यायच्या, त्याला वाटलं. दोन दिल्या की हा श्वास घेतो, रोज घेतो. पण दोन दिल्या की गाडीही पुढे जाते, आणि पुढे उतार होता. ह्या माणसाला चल म्हणायचं की गाडीला थांब म्हणायचं? एकाच घंटीत दोघांना सांगायची सोय नव्हती. रिबीन उतारावरून खाली जाताना त्याला दिसली, अजून गेली नव्हती तरी दिसली.

त्याने एकदाच ओढली.

गाडी खरखरत बाजूला आली आणि खाणीपाशी उभी राहिली. दोन चाकं रस्त्याखाली गेली होती. पाट्या घसरल्या, कोणीतरी ओरडलं. पुढे ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. तो भिकाजीच होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"घंटी कोणी दिल्यान?" तो म्हणाला, आणि मग आवाज उतरवून, "बरा झाला दिल्यान ती. माझो डोळो लागल्लो."

"परत हयच?" सीताकाकी म्हणाली.

"भाऊंनी दिल्यानी," योगिनी मागे बघत म्हणाली. "बरोबर वेळेर दिलात भाऊ. भाऊ?" ती दोन पावलं त्याच्याकडे आली. "निजले वाटता. नको, कोणी घंटी देव नको. निजांदेत वायच."

"निजले खंय? डोळे उघडे आसत," सीताकाकी म्हणाली.

गुरुदासाला सगळं ऐकू येत होतं. त्याला फार बरं वाटत होतं, कारण गाडी थांबली होती आणि रिबीन वर होती, सड्यावर. आता ओ द्यायची आणि हसायचं, एवढंच उरलं होतं. त्याने ओ देण्यासाठी श्वास घ्यायला घेतला आणि तो आला नाही. घाबरण्याचं कारण नव्हतं. रोजच थांबतो. आता वाजतील.

इंजिन बंद झालं होतं. गाडीत कॅसेटमध्ये होती तसली शांतता पसरली.

हात अजून दोरीवर होता, पण त्याचं ऐकत नव्हता. मधल्या वाटेने अक्षदा येत होती, आधी चालत, मग सीटांना धडकत. ती त्याच्यासमोर थांबली. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, छातीकडे बघितलं.

"हलना नाय," ती म्हणाली.

दोन, बाय, असं त्याला सांगायचं होतं. तुका म्हायत आसा. दोन.

तिला माहीत होतं. ती सीटच्या दांड्यावर पाय देऊन वर चढली, तिने त्याची बोटं दोरीवरून सोडवली आणि दोरी स्वतःच्या मुठीत घेतली. गुरुदासाला तिची रिबीन अगदी जवळून दिसली, कडेला थोडी उसवलेली. मागून योगिनीने "गो, काय करतंस?" म्हणत तिचा खांदा धरला.

टिंग.

आणि तो दुसरीची वाट बघत राहिला.